खरवडायचं किती?

आडवे ओंडके एकावर एक रचून बांधलेल्या घराची बाहेरची भिंत राखाडी पडली की बघणारा प्रत्येकजण पहिलं एकच विचारतो, आता कुठला कलर मारणार? मला या प्रश्नाचा खरंच राग येतो. विचारणाऱ्याचा नाही, पण रंग ही या कामातली अगदी शेवटची गोष्ट आहे आणि सगळ्यांचं सगळं लक्ष तिथेच असतं म्हणून. त्याच्या आधी जे करायचं असतं, जुना थर काढणं, धुणं, वाळू देणं, कुजलेलं शोधून काढणं, भेगा बघणं, त्यातच घर वाचतं किंवा हातचं जातं. आणि त्यातही सगळ्यात अवघड काय असेल तर हात आवरणं. किती काढायचं आणि कुठे थांबायचं. गेली काही वर्षं मी आमच्या घराच्या भिंतींवर हे काम करतेय, एका वेळी एकच बाजू घेऊन, आणि जसजशी करत जातेय तसतसं माझं मत पक्कं होत चाललंय की जुन्या लाकडाचं जेवढं नुकसान ऊनपाऊस करतो त्यापेक्षा जास्त घाईघाईत केलेली दुरुस्ती करते.

एक आकडा सांगते, तो माझ्या डोक्यात कायम असतो. पाइन, स्प्रूससारखं मऊ लाकूड काहीही न लावता उघड्यावर ठेवलं तर त्याचा पृष्ठभाग शंभर वर्षांत साधारण ६ मिलीमीटर झिजतो. शंभर वर्षांत! म्हणजे नुसतं ऊन, वारा, पाऊस यांच्या हवाली केलं तरी. आणि ग्राइंडरला जाड सँडिंगची डिस्क लावून एखादा उत्साही माणूस दुपारभर भिंतीवर सुटला तर काही मिलीमीटर संध्याकाळपर्यंत सहज उडवतो. ते लाकूड परत येत नाही. ओंडका गोल असतो, डिस्क सपाट असते, त्यामुळे जिथेजिथे ती टेकली तिथे एक चपटी चकती दिसते, आणि स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, लावल्यावर तर त्या चकत्या आणखीनच उठून दिसतात. ऊन तिरपं पडलं की भिंतभर नुसते खवले. अशी घरं मी पाहिलीत आणि पाहून जीव हळहळतो, कारण घरमालकाने पैसा आणि कष्ट दोन्ही ओतलेले असतात.

राखाडी होणं म्हणजे नक्की काय होतं हे एकदा समजलं ना की मग घाबरायला होत नाही. लाकडात सेल्युलोजचे तंतू असतात आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन असतं. उन्हातले अतिनील किरण हे लिग्निन शोषून घेतं आणि त्यातच ते तुटतं. तुटलेला माल पावसात वाहून जातो, मागे उरतात मोकळे पडलेले फिकट तंतू, त्यांच्यावर बारीक काळी बुरशी बसते आणि आपल्याला दिसते ती राखाडी झाक. हे सगळं वरच्यावर चालतं, एका मिलीमीटरच्या आतबाहेर. त्याच्या खाली लाकूड अगदी ठणठणीत असतं. म्हणून राखाडी भिंत म्हणजे कुजलेली भिंत नव्हे. उलट वरून मस्त तुकतुकीत वॉर्निश दिसतंय आणि आत लाकूड पार भुसभुशीत झालंय असं कितीतरी वेळा असतं, आणि ते जास्त भीतीदायक. तरीपण हा मोकळ्या तंतूंचा थर काढावा लागतोच, कारण त्याच्यावर काहीही लावलं तरी ते त्या सुट्या तंतूंनाच धरून बसतं आणि त्यांच्यासकट निघून येतं. काढायचं असतं ते एवढंच.

कुजवणारा शत्रू वेगळा आहे, तो म्हणजे पाणी. कुजवणाऱ्या बुरशीला वाढायला लाकडात भरपूर ओल लागते, साधारण २८-३० टक्क्यांच्या वर गेली की तिचं फावतं. २० टक्क्यांच्या खाली ठेवलं तर ती काही करू शकत नाही, म्हणून २० ही आपली लक्ष्मणरेषा. सगळी दुरुस्ती या एका आकड्याभोवती फिरते. भिंतीवर काय लावलंय हा प्रश्न दुय्यम, भिंतीवर पाणी येतं कुठून आणि ते जातं कुठे हा खरा प्रश्न.

त्यामुळे काम सुरू करायच्या आधी मी आजही सगळ्यात जास्त वेळ पावसात घराभोवती फिरण्यात घालवते. रेनकोट घालायचा आणि नुसतं बघायचं. वळचण किती बाहेर आलीये, पागोळ्या कुठे पडतात, पन्हळ कुठे तुंबून ओसंडतेय, जमिनीवर आपटून उडालेलं पाणी कितव्या ओंडक्यापर्यंत येतंय. हे शेवटचं फार महत्त्वाचं. लोक वरून येणाऱ्या पावसाची काळजी करतात, पण सगळ्यात खालचे दोन-तीन ओंडके कुजतात ते बहुतेक वेळा खालून उडणाऱ्या पाण्याने. तिथे माती भिंतीला टेकली असेल किंवा हौसेने लावलेली झुडपं भिंतीला घासत असतील तर मग बघायलाच नको, ओंडका वाळतच नाही. नवरा मला म्हणतो, अगं छत्री घेऊन उभी राहून काय एवढं बघतेस त्या जोत्याकडे, पण आमच्या मागच्या दाराशेजारचा ओंडका सतत ओला का राहतो याचं उत्तर मला असंच मिळालं, वरच्या पन्हळीच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी बरोबर त्या एकाच जागी पडत होतं. तो सांधा बसवायला काहीच वेळ लागला नाही. तो न बसवता जगातला सगळ्यात महागडा स्टेन लावला असता तरी ओंडका गेलाच असता.

मग ऊन पडलं की दुसरी फेरी, हातात जाडसर टोच्या घेऊन. ओंडक्याला टोच्याच्या मुठीने ठोकत जायचं. चांगलं लाकूड टणटण वाजतं, आतून खाल्लेलं असेल तर आवाज बसका येतो, भद्द. संशय आला की टोक दाबायचं. चांगल्या लाकडात ते जेमतेम घुसतं आणि बाहेर काढताना लाकूड त्याला धरून ठेवतं, थोडं उचकटलं तर लांब धारदार ढलपी निघते. कुजलेल्यात ते मुकाट्याने आत जातं, काहीच विरोध नाही, आणि उचकटलं तर लाकूड आडवं मोडतं, चौकोनी तुकड्यांत, बोटांत चुरलं तर तपकिरी पूड होते. हा फरक एकदा हाताला कळला की विसरत नाही. सगळ्यात जास्त शोधायचं ते ओंडक्यांच्या टोकांना, कोपऱ्यात जिथे ते एकमेकांवर बसून बाहेर डोकावतात तिथे. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या त्या टोकाला उघड्या पडलेल्या असतात, त्यामुळे ओंडक्याच्या अंगापेक्षा टोक कितीतरी पटीने जास्त पाणी पितं. खिडक्यांच्या खाली आणि व्हरांड्याची जमीन भिंतीला जिथे मिळते तिथेही हमखास बघायचं.

जुना थर काढायचे मार्ग बरेच आहेत आणि प्रत्येकाचा एक भक्त असतो. प्रेशर वॉशर सगळ्यांना आवडतो कारण दोन मिनिटांत फरक दिसतो. मला तो जपून वापरायची गोष्ट वाटते. नोझल जवळ नेलं की पाण्याची धार मऊ लाकूड कोरून काढते, दोन वर्षवलयांमधलं नाजूक लाकूड निघून जातं आणि कडक रेषा वर उभ्या राहतात, शिवाय जे पाणी आपण इतकी वर्षं बाहेर ठेवायचा प्रयत्न करतोय तेच भेगांच्या आत दाबून भरलं जातं. नुसती धूळ आणि बुरशी धुवायची असेल तर कमी प्रेशर, रुंद फवारा आणि मऊ ब्रश पुरे होतो. केमिकल स्ट्रिपर, म्हणजे जुना रंग सोडवणारं रसायन, जाड थरावर चांगला चालतो पण नंतर भरपूर धुवावं लागतं. आणि तिसरा मार्ग ब्लास्टिंगचा, कॉम्प्रेसरच्या हवेने दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा किंवा काचेचा बारीक चुरा भिंतीवर मारायचा. कणसाचा भरडा हळू काम करतो आणि लाकडाशी सौम्य वागतो, काच पटापट उतरवते पण हात जरा जास्त वेळ एका जागी राहिला तर लाकूडही उतरवते. पाणी नसल्यामुळे भिंत कोरडीच राहते हा मोठा फायदा. एक गोष्ट मात्र पक्की, ब्लास्टिंगनंतर पृष्ठभाग मखमलीसारखा केसाळ होतो, त्यावर नायलॉनचे ब्रिसल असलेला फिरता ब्रश किंवा हलक्या हाताने ६०-८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवावा लागतो. त्याहून बारीक पेपर घासायचा मोह टाळायचा, भिंत म्हणजे टेबल नव्हे, फार गुळगुळीत केली तर स्टेन आत शिरायला जागाच उरत नाही.

घर जुनं असेल आणि कधी रंगवलेलं असेल तर काहीही घासायच्या आधी त्या रंगात शिसं आहे का हे तपासून घ्या, ही गोष्ट मी कळकळीने सांगते. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, म्हणजे त्याच्या आधीच्या रंगाची धूळ घरातल्या लहान मुलांच्या पोटात जाऊ शकते.

धुण्याबद्दल एवढंच की घरातलं क्लोरीनचं ब्लीच वापरू नका. रंग उजळतो म्हणून लोक खूश होतात, पण ते लिग्निनवर हल्ला करतं, म्हणजे उन्हाने जे केलं तेच आपण बादलीतून करतो, आणि नीट धुतलं गेलं नाही तर पुढचा स्टेनही धरत नाही. ऑक्सिजनवर चालणारे क्लीनर, म्हणजे सोडियम परकार्बोनेटवाले, त्यापेक्षा कितीतरी बरे. ते अल्कलाइन असल्यामुळे लाकूड थोडं काळपट होतं, मग ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ द्रावण मारलं की लाकूड पुन्हा उजळतं. खिळ्यांच्या खाली लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून जे काळेनिळे ओघळ पडतात तेही या ॲसिडनेच जातात. पहिल्यांदा तो ओघळ डोळ्यांदेखत फिका होत जाताना पाहिला तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं होतं. हातमोजे आणि चष्मा मात्र हवाच, आणि धुताना खालून वर जायचं म्हणजे खालच्या कोरड्या लाकडावर ओघळांचे पट्टे उमटत नाहीत.

आणि मग थांबायचं. हा या कामातला माझा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात कमी लोकांना जमणारा भाग. भिंत वरून वाळलेली दिसते, हाताला कोरडी लागते, पण मॉइश्चर मीटरच्या सुया टोचल्या तर आकडा २३-२४ दाखवतो. स्टेन लावायला साधारण १५ ते १८ टक्क्यांच्या खाली यायला हवा, डब्यावर कंपनीने जे लिहिलंय ते प्रमाण. ओल्यावर थर चढवला तर आतली ओल बाहेर यायला धडपडते आणि थराला फुगे येतात. मीटरवर विश्वास ठेवायचा, हवामानाच्या अंदाजावर डोळा ठेवायचा आणि घरच्यांचे टोमणे ऐकून घ्यायचे.

वाळण्याच्या दिवसांत भेगांचं बघता येतं. ओंडक्याला लांबीच्या दिशेने लांबलचक भेगा पडल्या की नवीन माणूस हादरतो, पण त्या पडायच्याच असतात. लाकूड वाळताना वलयांच्या दिशेने जेवढं आकसतं ते गाभ्याकडून बाहेरच्या दिशेने आकसण्याच्या जवळजवळ दुप्पट असतं, मग ताण सहन न होऊन कुठेतरी फाटणारच. त्याने घराची ताकद कमी होत नाही. बघायचं एवढंच की भेगेचं तोंड कुठे आहे. खाली तोंड असलेली भेग आपोआप निथळते, तिला हात लावायचा नाही, भरली तर उलट आत गेलेलं पाणी कोंडतं. वर तोंड असलेली आणि ६ मिलीमीटरपेक्षा रुंद असेल ती मात्र पन्हळीसारखी पाणी गोळा करून थेट गाभ्यात नेते, ती भरलीच पाहिजे. भरताना आधी आत फोमची गोल दोरी, बॅकर रॉड, दाबून बसवायची आणि तिच्यावर कॉल्क, म्हणजे फट भरायचा लवचिक मसाला. दोरी पैसे वाचवायला नसते. कॉल्क भेगेच्या दोन्ही बाजूंना चिकटून तळाशी मोकळं राहायला हवं, म्हणजे भेग ऋतूप्रमाणे रुंद-अरुंद झाली की ते रबरासारखं ताणलं जातं. तळालाही चिकटलं तर ताणायला जागा राहत नाही आणि एका हिवाळ्यात फाटतं. दोन ओंडक्यांमधल्या फटीत भरायच्या चिंकिंगलाही हाच नियम. पूर्वी तिथे चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा भरायचे, आता लवचिक सिंथेटिक मिळतं. फक्त जुन्या ऐतिहासिक इमारतीवर असाल तर मूळचा गिलावा कसला होता ते आधी बघा, सरसकट उपटून टाकू नका.

कुजलेलं सापडलं तर? पुन्हा तोच प्रश्न, किती काढायचं. इथे मला नेहमी रशियातल्या किझी बेटावरचं चर्च आठवतं. ओनेगा सरोवरातल्या त्या बेटावर १७१४ सालचं २२ घुमटांचं लाकडी चर्च आहे, ओंडक्यांचं, ३७ मीटर उंच. ते इतकं खचलं होतं की गेल्या शतकात आतून लोखंडी सांगाडा घालून धरून ठेवावं लागलं. दुरुस्ती करताना त्यांनी अख्खं चर्च उतरवलं नाही. वरचा भाग जॅकवर उचलून धरला, खालचा एक पट्टा सोडवला, त्यातला एकेक ओंडका तपासला, जिथे कुजलंय तेवढंच कापून नवीन लाकूड सांधलं, चांगला भाग जिथल्या तिथे परत ठेवला, मग पुढचा पट्टा. हे काम वर्षानुवर्षं चाललं आणि २०२० साली पुरं झालं. तीनशे वर्षांपूर्वीच्या सुताराच्या कुऱ्हाडीचे घाव असलेला ओंडका एका बाजूला कुजलाय म्हणून अख्खा फेकायचा नाही, हा त्यातला हट्ट मला फार मोलाचा वाटतो.

आपल्या घरात एवढं मोठं काही नसतं. वरवरचं असेल तर पटाशीने निरोगी लाकूड लागेपर्यंत कोरायचं, सगळा भुसा काढायचा. ओंडक्याचा बाहेरचा अर्धा भाग गेला असेल तर तेवढा कापून त्याच जातीच्या, नीट वाळलेल्या लाकडाचा अर्धगोल बसवायचा. तळचा भार घेणारा ओंडका पार गेला असेल तर जॅक लावून भिंत उचलावी लागते, ते जाणकाराचंच काम, तिथे यूट्यूब बघून हात घालू नये. इपॉक्सी लहान जागी ठीक आहे, खिडकीच्या कोपऱ्यात वगैरे, पण मोठ्या खड्ड्यात ओतलेल्या इपॉक्सीवर माझा विश्वास नाही, लाकूड ओलीनुसार हलत राहतं आणि ते कडक गोळ्यासारखं बसून राहतं, मग दोघांच्या सांध्यात पाणी शिरतं. कुठल्याही दुरुस्तीनंतर उघड्या लाकडावर बोरेट, म्हणजे बोरॉनच्या क्षाराचं द्रावण, मारून घ्यायचं. बुरशी आणि लाकूड खाणारे किडे दोघांनाही ते नको असतं. पाण्यात विरघळणारं असल्यामुळे ते ओलीबरोबर आतपर्यंत पसरतं, आणि त्याच कारणाने वर स्टेन नसेल तर पावसात धुऊनही जातं. त्याच्या कांड्याही मिळतात, धोक्याच्या जागी भोक पाडून आत ठेवायच्या. लाकूड कोरडं असेपर्यंत त्या नुसत्या पडून राहतात, ओल आली की विरघळायला लागतात.

आता कुठे तो कलर. पूर्ण पारदर्शक फिनिश लावू नका, कितीही सुंदर दिसलं तरी. ऊन अडवायचं मुख्य काम त्यातल्या रंगद्रव्याचं असतं, तेच नसेल तर किरण सरळ आरपार जाऊन खालचं लिग्निन तोडतात आणि वरचं फिनिश पापुद्र्यासारखं सुटतं. अर्धपारदर्शक, आत मुरणारा, वाफ बाहेर जाऊ देणारा स्टेन मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. तो सोलत नाही, हळूहळू फिका होतो, आणि वेळेत लक्षात आलं तर खरवडायची गरजच पडत नाही, धुवा आणि वर एक हात मारा. हे शहाणपण जुनंच आहे. स्वीडनमध्ये फालूनच्या तांब्याच्या खाणीतून निघणाऱ्या लाल मातीपासून रंग बनवतात, पाणी, राईचं पीठ आणि जवसाचं तेल घालून शिजवलेला. तो शतकानुशतकं लाकडी घरांना लावतात, आणि त्याला पोपडे धरत नाहीत, जुना झाला की त्याची भुकटी होते, ब्रशने झाडायची आणि वर नवा हात द्यायचा. नॉर्वेतलं बोरगुंडचं लाकडी चर्च बाराव्या शतकाच्या अखेरचं, ते पाइनच्या डांबराचे हात पुन्हा पुन्हा देत आजवर उभं ठेवलंय. दोन्हीकडे कोणी जुना थर पार खरवडून काढायच्या मागे लागलं नाही.

लावताना सावलीमागे सावलीमागे फिरायचं, तापलेल्या लाकडावर स्टेन आत मुरायच्या आधीच वाळतो. दोन-तीन ओंडके धरायचे आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एका दमात जायचं, मध्ये चहाला थांबलं की तिथे जोड दिसतो तो कायमचा. स्प्रेने मारलं तरी मागोमाग कोरड्या ब्रशने घासून आत घालायलाच हवं. टोकांना, म्हणजे कोपऱ्यातल्या कापलेल्या तोंडांना, ती पितील तेवढं पाजायचं. ब्रश टेकवला की स्टेन अक्षरशः शोषून घेतला जातो, पुन्हा टेकवला पुन्हा गायब, तिसऱ्या-चौथ्या वेळी कुठे पृष्ठभागावर ओलसर चमक टिकते, तिथे थांबायचं. ओंडक्याच्या अंगावर मात्र जास्त झालेलं पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट तुकतुकीत डाग राहतात. आणि तेल लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाची फडकी वाळताना आपोआप तापून पेट घेतात. ती मोकळी पसरून वाळवायची किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवायची.

दक्षिण आणि पश्चिमेची भिंत नेहमी आधी संपते (आपल्या उत्तर गोलार्धात), उत्तरेकडे ऊन कमी पण बुरशी जास्त. म्हणून चारी बाजूंना एकाच वर्षी एकच काम करायचा अट्टाहास मला पटत नाही. दरवर्षी पावसाळी दिवस गेले की मी प्रत्येक भिंतीवर पाण्याचे थेंब उडवून बघते. मोत्यासारखे टपोरे राहिले तर ती भिंत अजून ठीक आहे, पसरून लाकूड गडद झालं तर तिची पाळी आली. या वेळी उत्तरेची भिंत नुसती धुवून सोडली, पूर्वेला हातही लावला नाही, पश्चिमेचे वरचे चार ओंडके आणि सगळी टोकं यांना एक हात दिला. नवरा म्हणाला, एवढंच? हो, एवढंच. मागच्या दाराशेजारच्या त्या ओंडक्यात मीटर आता १६ दाखवतोय.